पूर ओसरला, भिंत अजून ओलीच आहे

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तेव्हा माझ्या आत्याच्या घरात साडेसहा फूट पाणी होतं. ते ओसरल्यावर आठवडाभर आम्ही सगळ्यांनी मिळून चिखल उपसला, भिंती धुतल्या, फरशी घासली. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे पुरापासून बरोबर ५० दिवसांनी. पोपडे आलेल्या भिंतीपुढे गणपती बसवायचा ही कल्पना कोकणात कुणाला सहन होत नाही. त्यात आपलं घर पुन्हा उभं राहिलंय हे आत्याला स्वतःलाच पटवून द्यायचं होतं. ऑगस्टच्या शेवटी पुट्टी मारली, वर प्लास्टिक पेंट दिला. आरतीच्या वेळी घर नव्यासारखं दिसत होतं. दिवाळीला गेलो, तर जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत रंगाला फुगे आले होते. बोट लावलं की पुट्टीचा भुगा पडत होता. कपाट सरकवलं, तर मागची भिंत काळी पडलेली. सगळं खरवडून पुन्हा केलं. पैसे दोनदा गेले, आणि ते पैसे त्या वर्षी कुणाकडेच नव्हते.

यात रंगाऱ्याने काही फसवलं नव्हतं. रंग लावताना भिंत हाताला खरंच कोरडी लागत होती. बहुतेक घरांत चूक होते ती नेमकी इथेच. म्हणून आधी भिंतीच्या आत काय घडतं ते समजून घेऊ.

भिंत किती पाणी पिते?

भाजलेली वीट म्हणजे बारीक बारीक छिद्रांचं जाळं. आपली साधी वीट साधारण तीन किलोची असते आणि पाण्यात बुडवून ठेवली तर सहज पाव ते अर्धा लिटर पाणी शोषते. आता १० फूट लांबीची, ९ इंच जाडीची भिंत चार फुटांपर्यंत पाण्यात होती असं धरा. तेवढ्या भागात चारशेच्या वर विटा बसतात. म्हणजे त्या एका भिंतीच्या पोटात १०० ते २०० लिटर पाणी साठलेलं असू शकतं. फरशी पुसली, दारं-खिडक्या उघडल्या, तरी हे पाणी तिथेच असतं. शिवाय ते पुराच्या रेघेवर थांबत नाही. दिव्याची वात तेल वर ओढते, तशी वीट पाणी रेघेच्याही वर ओढून घेते.

भिंत वाळते ती दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात आतलं पाणी छिद्रांतून पृष्ठभागावर येत राहतं आणि वारा ते घेऊन जातो. हे काम भराभर होतं. काही दिवसांनी पृष्ठभागापर्यंतची पाण्याची साखळी तुटते. ओल आत सरकते, आणि आता तिला वाफ होऊन बारीक छिद्रांतून वाट काढत बाहेर यावं लागतं. वाळण्याचा वेग इथे एकदम मंदावतो. आणि नेमक्या याच वेळी भिंत हाताला कोरडी लागू लागते. पावसाळ्यात जाड गोधडी वाळत घातली की वरून कोरडी लागते, पण घडी उघडली की आत गार ओल असते, तसंच हे. गोधडी आपण उलटून घालतो. भिंत उलटता येत नाही.

जुन्या इमारतींची डागडुजी करणारे लोक एक ठोकताळा वापरतात: भिंतीच्या जाडीच्या एका इंचाला एक महिना. हा हिशेब काटेकोर नाही. हवा, ऊन, भिंतीचा प्रकार यांनुसार तो मागेपुढे होतो. पण नऊ इंची भिंत पन्नास दिवसांत वाळणार नाही, एवढं त्यावरून नक्की समजतं.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे पूर येतो तोच मुळी पावसाळ्यात. हवेची पाणी उचलायची ताकद तेव्हा जवळपास संपलेली असते. २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्यातले २३ ग्रॅम आधीच भरलेले असतात, उरले चार. दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा मिळून पेलाभरसुद्धा पाणी उचलू शकत नाही. आधी हिशेब केलेल्या भिंतीतलं दीडशे लिटर पाणी बाहेर काढायचं, तर त्या खोलीतली हवा हजाराहून जास्त वेळा बदलायला हवी. हीच हवा नोव्हेंबरात ५० टक्के आर्द्रतेची झाली की दर घनमीटरला साडेतेरा ग्रॅम पाणी नेते, म्हणजे तिपटीहून जास्त. आत्याची भिंत खऱ्या अर्थाने वाळायला लागली ती दिवाळीनंतर, त्याचं कारण हे.

पहिले दोन-तीन दिवस

घरात पाऊल टाकण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. भिंतीला नवी तिरकी भेग, बाहेर आलेला फुगवटा, खचलेला कोपरा, घासून अडकणारी दारं दिसली, तर आत जाऊ नका, आधी इंजिनिअरला दाखवा. मातीच्या घरांबाबत हे जास्त जपायला हवं. कृष्णा-पंचगंगेकाठच्या गावांत जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंती आहेत. त्या पाण्यात असताना उभ्या राहतात आणि पाणी उतरून ऊन पडल्यावर कोसळतात, कारण बाहेरून टेकू देणारं पाणी गेलेलं असतं आणि आतली माती मऊ झालेली असते. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांची आणखी एक गोष्ट आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. त्यामुळे पाणी गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी नव्या भेगा दिसू शकतात. प्रत्येक भेगेवर पेन्सिलने तारीख घाला, दोन्ही टोकांना खूण करा. भेग वाढतेय की थांबलीय हे त्यावरून कळेल, आणि थांबल्याशिवाय ती बुजवू नका.

मग वीज. पाण्यात किंवा ओल्या फरशीवर उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. मीटर बुडालं असेल तर वीज कंपनीच्या माणसालाच पुरवठा तोडू द्या. इन्व्हर्टरची बॅटरी मेन बंद असतानाही घरात वीज सोडू शकते, हे गडबडीत विसरलं जातं. भिंतीतल्या पाइपांमधून गेलेल्या वायरिंगमध्ये पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहतं. बोर्ड उघडून ठेवावे लागतात, आणि वायरमनने मेगरने (वायरवरचं आवरण वीज गळू देतंय का ते मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासल्याशिवाय फेज जोडायचा नाही. भिजलेले एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे स्विच, वाळवून पुन्हा वापरू नका, ते बदला. वेळ आली की ते खटका पाडतीलच असं सांगता येत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप ‘चालतात का बघू’ म्हणून लावून बघण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मोटर वाळवून, तपासून घेतली तर अनेकदा वाचते. ओलीच चालू केली तर जळते.

काहीही हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट, भिंतीवरची पाण्याची रेघ, आणि त्या रेघेला लावलेला मोजायचा टेप. पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक येईपर्यंत घर तसंच ठेवा असं कुणी सांगेल, पण चिखल तसाच ठेवणं परवडत नाही. फोटो नीट असतील आणि टाकून द्यायच्या वस्तूंची यादी लिहिलेली असेल, तर कामाला लागा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि मोठ्या वस्तू सर्व्हेअर बघून जाईपर्यंत अंगणात बाजूला ठेवा.

चिखल ओला आहे तोवरच काढायचा. वाळला की फावड्यालाही दाद देत नाही, आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. फावडं, घमेलं, खराटा आणि पाणी, बाकी काही लागत नाही. भिंती वरून खाली धुवायच्या. मातीच्या आणि जुन्या जांभ्याच्या भिंतींवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका, सांधे निघून येतात. चिखल गटारात ढकलू नका, शेजाऱ्याच्या घरातलं पाणी त्याच गटारातून जायचं असतं. तळघरात पाणी असेल तर ते एका दमात उपसू नका. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असते. आतला दाब अचानक काढून घेतला, तर भिंत आत येऊ शकते. आजूबाजूचं पाणी उतरेल तसतसं, थोडं थोडं करत दोन-तीन दिवसांत काढा.

या सगळ्या कामात अंगाला जपा. पुराच्या पाण्यात आणि चिखलात उंदरांचं, गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायावरच्या साध्या चिरेतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो अनुभवला. गमबूट आणि हातमोजे घाला. काम झाल्यावर ५ ते १४ दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं, तर अंगावर काढू नका आणि ‘मी पुराच्या चिखलात काम केलं’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आरोग्य खात्याची माणसं गोळ्या वाटायला येतात तेव्हा त्यांना टाळू नका. आणि एक सांगायलाच हवं: ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. दोन्ही पुराच्या मदतीत एकाच पिशवीत येतात, आणि मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो.

कागदपत्रं आणि फोटो यांचं दुःख सगळ्यात जास्त असतं. सातबारा, आधार, पॅन पुन्हा मिळतात. लग्नाचा अल्बम मिळत नाही. ओल्या फोटोंवर दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात सगळे वेगळे करणं जमणार नसेल, तर पिशवीत घालून पूर न आलेल्या घरातल्या कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. महिन्याभराने निवांत एकेक काढा, स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरा. चिकटलेले फोटो ओढून वेगळे करू नका.

काय काढून टाकायचं, काय ठेवायचं

कापसाच्या गाद्या, उशा, सोफ्याचा फोम गेला असंच समजा. भुशाच्या बोर्डाचं फर्निचर फुगलं की पूर्ववत होत नाही. साध्या प्लायवूडचे पापुद्रे सुटतात. चांगल्या दर्जाचं, पाण्याला टिकणारं प्लाय बऱ्याचदा वाचतं. सागवानी दारं, पलंग, देव्हारा मात्र टाकू नका. ते सावलीत, हळूहळू, सगळ्या बाजूंनी हवा लागेल असे वाळवा. उन्हात ठेवलं की लाकूड तडकतं. दार फुगून चौकटीत बसत नाही म्हणून लगेच रंधा मारू नका, वाळल्यावर ते सैल पडेल.

भिंतीवरचं थोडं निर्दयपणे काढावं लागतं. पीओपी आणि जिप्सम भिजलं की मऊ होतं, ते पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका. पुट्टी आणि प्लास्टिक पेंट खरवडा. ती एक पातळ पिशवीच असते, आणि तिच्याआडून भिंत श्वास घेऊ शकत नाही. सिमेंटच्या गिलाव्यावर नाण्याने टकटक करत जा. पोकळ आवाज आला तिथे गिलाव्याने भिंत सोडली आहे, तेवढा भाग काढा. फरशीच्या कडेची स्कर्टिंगची पट्टी निघत असेल तर काढा, कारण भिंतीच्या पायथ्याशी सगळ्यात जास्त पाणी असतं. कोकणात जांभ्याच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा केलेली घरं खूप आहेत. उघडा जांभा मोकळेपणाने वाळतो, गिलाव्याआडचा कित्येक महिने घेतो. वजनाला हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीही पाणी खूप पितात आणि सावकाश सोडतात. आरसीसीचे खांब आणि स्लॅब यांची मात्र फारशी काळजी नको.

किती दिवस पाणी होतं यावरही बरंच अवलंबून आहे. चिपळूणचा पूर दोनेक दिवसांत उतरला. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तिथे अनेक घरं आठवड्याहून जास्त पाण्यात होती. अशा भिंती मध्यापर्यंत भिजतात, त्यांना एक अख्खा उन्हाळा लागला तरी नवल नाही.

मग वाळवायचं कसं?

भिंतीलगत हवा वाहती ठेवणं हे मुख्य काम. पंखा खोलीच्या मध्यात ठेवून काही होत नाही. उभा पंखा कोपऱ्यात ठेवा, वारा भिंतीला घासत जाईल असा फिरवा आणि पलीकडची खिडकी उघडी ठेवा. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, त्यांची दारं उघडी ठेवा. पाऊस धो धो कोसळत असताना मात्र खिडक्या सताड उघड्या ठेवण्यात फायदा नाही, ती हवा काही नेत नाही. उघडीप मिळाली, ऊन पडलं की सगळं उघडा. वीज तपासून झाली असेल आणि एसी असेल, तर खोली बंद करून तो ड्राय मोडवर लावा. हवेतलं पाणी नळीतून बाहेर पडतं. भाड्याने आर्द्रता काढायचं यंत्र मिळालं तर चार-पाच घरांनी मिळून घ्यावं.

एक चूक मी अनेक घरांत बघितली आहे: बंद खोलीत गॅसची शेगडी किंवा कोळशाची शेगडी पेटवून भिंत शेकणं. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे आपण ओल वाढवतोच. आणि कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला झोपेतच संपवतो. हे कृपा करून कुणी करू नका.

बुरशी दिसली तर कोरड्या झाडूने झाडू नका, तिची बीजं घरभर पसरतात. एन-९५ मास्क लावा, साबणाच्या पाण्याने ओलं करून घासा, मग वाळू द्या. ब्लीचने काळा डाग जातो. ओल राहिली तर बुरशी पंधरा दिवसांत परत येते. घरात दमा असलेलं कुणी किंवा लहान मूल असेल, तर ती खोली झोपायला वापरू नका.

काही आठवड्यांनी भिंतीवर पांढरी पूड उगवते. त्याला आपण लोणा लागला म्हणतो. घाबरू नका. आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. भिंत वाळतेय याचीच ती खूण आहे. ही पूड कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाका. धुतलीत तर क्षार विरघळून पुन्हा आत जातील.

भिंत खरंच वाळली का, हे बघायची एक साधी युक्ती आहे. दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा जमिनीपासून फूटभर उंचीवर भिंतीला लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला दव दिसलं, तर पाणी अजून भिंतीतून येतंय. दर महिन्याला प्रत्येक खोलीत, खास करून कोपऱ्यात आणि कपाटामागे, हे करून बघा. लागोपाठ दोनदा प्लास्टिक कोरडं निघालं की मग पुट्टीचा विचार करा. ओलावा मोजायचं छोटं यंत्रही मिळतं, पण क्षार असलेल्या भिंतीवर ते खरं सांगत नाही.

आणि गणपती? त्याचं उत्तर आपल्या आजी-आजोबांना माहीत होतं: चुना. चुन्याचा हात भिंतीला बंद करत नाही, वाफ त्यातून आरपार जाते. ताज्या चुन्यावर बुरशीलाही सहज जम बसवता येत नाही. एका दिवसात खोली उजळते, आणि खर्च प्लास्टिक पेंटच्या मानाने नगण्य. कपड्यांना लागतो हे खरं. पुढे प्लास्टिक पेंट द्यायचा असेल तर चुना आधी खरवडावा लागतो, हेही खरं. तरी त्या वर्षी आम्ही चुना लावला असता तर गणपती उजळ भिंतीपुढेच बसला असता आणि आत्याचे पैसे वाचले असते. दुकानदार ‘ओल येऊ न देणारं’ महागडं कोटिंग पुढे करतात. ओली भिंत असताना ते लावलं तर ओल बाहेर यायचीही थांबते, म्हणून ते नको.

दुसऱ्यांदा काम करताना आत्याच्या घरात आम्ही तीन गोष्टी बदलल्या. खालच्या चार फुटांत पुट्टी दिली नाही, चुन्याचा गिलावा करून घेतला. ओट्याखालची प्लायची कपाटं काढून कडाप्प्याच्या फळ्या बसवल्या. आणि सगळे स्विचबोर्ड दोन हजार एकवीसच्या रेघेच्या वर, छताखाली नेले, खालचे प्लग वेगळ्या एमसीबीवर ठेवले. बोर्डाला हात पोचावा म्हणून आत्या आता स्टूल घेते. मीटर मात्र अजून जुन्याच जागी आहे. ते वर न्यायला वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि तो मे महिन्याच्या आत दिला तरच पावसाआधी काम होतं.